साताऱ्यातील एका इको केंद्राचा अनुभव

माझ्या आईवर 14 महिने फुप्फुसांचा जुनाट विकार म्हणून उपचार चालले होते, आणि प्रत्यक्षात तिच्या हृदयात गाठ होती. ती गाठ साताऱ्यातील ज्या खासगी केंद्राच्या टू-डी इको तपासणीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सापडली, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

आईने उभी हयात चुलीवर स्वयंपाक केला. त्यामुळे धाप, खोकला आणि छातीतली घरघर ऐकून आधीच्या दवाखान्यात सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या त्या जुनाट विकाराचे, निदान झाले. धुराने तो आजार होतोच, पण त्याची खात्री करणारी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याची तपासणी, तेथे झाली नाही. श्वासावाटे औषध घेण्याच्या पंपाने उतार पडेना. आडवे झाल्यावर जीव कोंडतो आणि कूस बदलली की मोकळे वाटते, हे आई प्रत्येक वेळी सांगत होती. ते कोणी मनावर घेतले नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

इको करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र नेमके हेच आधी विचारले. मग पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी दाखवले, की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात देठाने लोंबणारी गाठ प्रत्येक ठोक्याला खालच्या कप्प्याकडे उघडणाऱ्या मायट्रल झडपेत उतरून रक्ताची वाट अडवते, आणि मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येऊन धाप लागते. हा मिक्सोमा, म्हणजे प्रौढांच्या हृदयातच उद्भवणाऱ्या गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो कर्करोग नव्हे, परंतु त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होऊ शकतो, हे सांगून त्यांनी आमच्यासमोरच हृदयशल्यचिकित्सकांना फोन लावला. अहवाल तासाभरात हातात होता.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवूनही आम्हाला दीड तास थांबावे लागले, आणि केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. धाप लागणाऱ्या माणसाला ते जिने चढताना पाहवत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आईचा पंप बंद झाला असून ती रात्री सपाट झोपते. अशी गाठ क्वचित पुन्हा उद्भवते, म्हणून दरवर्षी इको करायचा आहे. तो आम्ही येथेच करणार आहोत, आणि तळमजल्यावर तपासणीची सोय करावी, अशी लेखी विनंती केंद्राकडे दिली आहे.