ड्रम फिरतो, पण हवा गारच : न बदललेल्या बोर्डाचे ४२० डॉलर

न्यू जर्सीत ऐन जानेवारीत कपड्यांचा ड्रायर बिघडला की घरभर दोऱ्या बांधण्यावाचून गत्यंतर नसते, कारण आमच्यासारख्या टाउनहाऊसच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला असोसिएशनची मनाई असते. या नडीचा फायदा घेणाऱ्यांची पद्धत इतकी ठरीव आहे की ती सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आमचा ड्रायर विजेवर चालणारा आहे. ड्रम फिरत होता, टायमर पुढे सरकत होता, पण कपडे ओलेच निघत होते. कंपनीचे नाव घालून इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर आलेला क्रमांक कंपनीच्या सेवा केंद्राचा नव्हता, तर पैसे भरून जाहिरात वर आणलेल्या एका कॉल सेंटरचा होता. फोनवरच्या बाईंनी "आम्ही त्या ब्रँडची कामे करतो" एवढेच सांगितले, आणि ते शब्दशः खोटेही नव्हते. आलेल्या माणसाने आधी वरचे आणि मग मागचे झाकण उघडले, मीटरच्या तारा इकडेतिकडे टेकवल्या आणि कंट्रोल बोर्ड जळाल्याचा निर्वाळा दिला. तपासणीचे ८९ डॉलर त्याने कार्डावर घेतले. बोर्ड आणि मजुरीचे ४२० डॉलर मात्र, सूट देतो असे सांगून, झेलवर (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवर) मागून घेतले. जुना बोर्ड मागितला तेव्हा तो पुरवठादाराला परत करावा लागतो, असे उत्तर मिळाले. ड्रायर तापू लागला होता, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

काही आठवड्यांतच हवा पुन्हा गार झाली. बिलावर ९० दिवसांची हमी छापलेली होती, पण त्या क्रमांकावर आता वेगळ्याच नावाने फोन उचलला जात होता आणि आमच्या कामाची नोंद कोणाकडेच नव्हती.

मग महाराष्ट्र मंडळातल्या एका परिचितांच्या ओळखीने दुसरा कारागीर आला. त्याने वरचे झाकण काढून मला जवळ बोलावले. बोर्डावर करड्या तंतूंचा सलग थर बसलेला होता, तो जोडण्यांवरूनही अखंड पसरला होता, आणि बोर्डाच्या चिकटपट्टीवर ड्रायरच्याच निर्मितीचे वर्ष होते. म्हणजे त्याला कोणी हातही लावलेला नव्हता. उलट मागच्या बाजूला, हीटरच्या पेटीवरचा थर्मल कट-ऑफ मात्र नवा कोरा होता आणि त्याच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा हा भाग पेटी प्रमाणाबाहेर तापली की हीटरची वीज तोडतो आणि एकदा उडाला की बदलावाच लागतो. पहिल्या माणसाला खरा दोष नेमका सापडला होता. त्याने दुरुस्ती त्याची केली आणि बिल बोर्डाचे लावले. त्याहून संतापजनक भाग पुढेच आहे. कट-ऑफ उडाला होता तो भिंतीबाहेर जाणारी हवेची नळी तंतूंनी जवळजवळ बुजल्यामुळे. ती साफ न करताच त्याने ड्रायर मागे ढकलून दिला होता. अमेरिकेत ड्रायरमुळे लागणाऱ्या आगींचे प्रमुख कारण हीच अस्वच्छता असल्याचे तिथले अग्निशमन प्रशासन सांगते, त्यामुळे ही नुसती पैशांची लूट म्हणून सोडून देता येत नाही.

कोणाला बोलावण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहता येते, हे त्या कारागिराने समजावले. अमेरिकेत विजेवरच्या ड्रायरची मोटर सहसा १२० व्होल्टवर आणि हीटर २४० व्होल्टवर चालतो, म्हणून ड्रायरला वीज पुरवणाऱ्या दोन लाइनींपैकी एक गेली तरी ड्रम फिरत राहू शकतो आणि उष्णता तेवढी बंद होते. ड्रायरचा जोडब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. 'एअर फ्लफ'सारखा बिनउष्णतेचा पर्याय निवडला गेला नाही ना, हे बघावे. ड्रायर चालू असताना बाहेरच्या झडपेतून हवा जोरात येत नसेल तर नळी तुंबलेली आहे. प्लग काढून, तारा सोडवून मीटर लावता येत असेल, तर धडधाकट हीटर साधारण १० ओम दाखवतो आणि उडालेला कट-ऑफ मीटरवर तुटलेला दिसतो. गॅसवरच्या ड्रायरच्या आत मात्र स्वतः हात घालू नये.

कार्डाच्या कंपनीकडे लेखी हरकत नोंदवल्यावर ८९ डॉलर परत मिळाले. अशी हरकत क्रेडिट कार्डाचे बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत नोंदवावी लागते. झेलचे पैसे मी स्वतःच पाठवले होते, या कारणावरून बँकेने हात वर केले. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार केली आहे. न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्यात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे, आणि ४२० डॉलरचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात सहज बसतो. पण समन्स बजावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि आमच्या बिलावर फोन क्रमांकाखेरीज काहीच नाही. म्हणून झाकणाचा पहिला स्क्रू निघण्यापूर्वीच व्यवसायाचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि बदलायच्या भागाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, आणि काढलेला भाग घरातच राहील, हेही त्याच कागदावर नोंदवून घ्यावे.