नव्या वस्तीतील सुपरमार्केट: काही महिन्यांच्या खरेदीनंतरचा अनुभव

वाढत्या शहराच्या नव्या वस्तीत उघडलेल्या एका सुपरमार्केट साखळीच्या शाखेतून गेले कित्येक महिने मी घरातील बहुतेक खरेदी करत आले आहे. याच जागेत पूर्वी दुसऱ्या साखळीचे दुकान होते आणि ते बंद पडेपर्यंत मी तिथलीही नियमित ग्राहक होते. त्यामुळे हा अभिप्राय एका शाखेचा असला, तरी त्यात दोन साखळ्यांची तुलना आली आहे. दोघींचीही नावे मी दिलेली नाहीत. नव्या भागात राहायला गेलेल्या ग्राहकाला नावापेक्षा वेगळीच माहिती हवी असते: जवळ आलेले हे दुकान टिकणार आहे की जाणार आहे, आणि ते खरेदी करता करता ओळखता येते का. माझ्या मते ते बऱ्याच अंशी ओळखता येते, आणि त्यासाठी जाहिरातींकडे नव्हे, रॅककडे पाहावे लागते.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नवे सुपरमार्केट पहिले दोन महिने चांगलेच दिसते. रॅक काठोकाठ भरलेले असतात, सगळी बिलिंग काउंटर सुरू असतात आणि इतर शाखांतून आणलेले अनुभवी कर्मचारी मदतीला असतात. उद्घाटनाचा माल पुरवठादारांनी अनेकदा जास्त मुदतीच्या उधारीवर दिलेला असतो आणि ऑफरचा काही भारही तेच उचलतात, त्यामुळे या काळातील टापटिपीवरून साखळीची खरी ताकद कळत नाही. अभिप्राय लिहायचाच असेल, तर निदान सहा महिने थांबून लिहावा.

आधीचे दुकान कसे संपत गेले, ते मी जवळून पाहिले. सुरुवात कपडे धुण्याच्या पावडरीपासून झाली. सर्वाधिक खपणाऱ्या कंपनीची पावडर एका आठवड्यात नव्हती, पुढच्याही आठवड्यात नव्हती, आणि मग लक्षात आले की त्याच कंपनीचा साबण, शाम्पू आणि टूथपेस्टही दुकानात कुठे उरलेली नाही. रॅक मात्र रिकामा दिसत नव्हता. साखळीच्या स्वतःच्या ब्रँडची पाकिटे एकाशेजारी एक अशी तीन फळ्यांवर पसरून ठेवलेली होती आणि एक पाकीट उचलले, की मागे थेट रॅकचा पत्रा दिसत असे. काही आठवड्यांनी डीप फ्रीझरची एक रांग बंद झाली आणि तिच्या झाकणांवर कागदी रुमालांचे गठ्ठे रचले गेले. मग दोन रांगांमधले अंतर वाढले, कारण मधला एक रॅकच काढून टाकला होता. बिलिंगचे एकच काउंटर उरले. कर्मचाऱ्यांना विचारले, तर ‘गाडी आलेली नाही’ एवढेच उत्तर मिळे, आणि त्यांना खरोखर तेवढेच माहीत असावे.

गाडी का येत नाही, हे समजून घ्यायचे असेल, तर या धंद्याचा हिशेब पाहावा लागतो. सुपरमार्केटचा निव्वळ नफा विक्रीच्या साधारण एक ते तीन टक्क्यांइतकाच असतो. धंदा तगतो तो उलाढालीच्या वेगावर आणि पुरवठादारांच्या उधारीवर. ग्राहक रोख किंवा कार्डाने त्याच दिवशी पैसे देतो आणि पुरवठादाराला ते काही आठवड्यांनी द्यायचे असतात, त्यामुळे मधल्या काळात मोठी रक्कम साखळीच्या हातात खेळती राहते. नव्या शाखा उघडत असेपर्यंत ही रक्कम वाढत जाते आणि सगळे उत्तम चालले आहे असे वाटते. ती रक्कम माल आणण्याऐवजी आणखी शाखांच्या सजावटीत आणि अनामत ठेवींत गुंतली, आणि नेमकी त्याच वेळी विक्री मंदावली, की जुनी देणी थकतात. मोठ्या कंपन्यांना या एका साखळीची गरज कमी असते, म्हणून त्या सर्वांत आधी हात आखडता घेतात. म्हणूनच एका कंपनीचा सगळा माल एकदम गायब होणे हे मी सर्वांत गंभीर लक्षण मानते. एखादी वस्तू संपणे ही रोजची गोष्ट आहे. एक पुरवठादारच नाहीसा होणे तशी गोष्ट नाही.

केनियातील नाकुमॅट या साखळीचे हेच झाले. पूर्व आफ्रिकेतील चार देशांत पसरलेली ही साखळी एके काळी तिच्या देशातील सर्वांत मोठी होती. २०१७ मध्ये पुरवठादारांची देणी थकल्यामुळे तिच्या दुकानांतले रॅक ओस पडले, जागामालकांनी थकलेल्या भाड्यापायी एकेक शाखा खाली करून घेतल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. ग्राहकांना मात्र हे रॅकवर आधीच दिसत होते.

पण रिकाम्या रॅकचा दुसराही एक प्रकार असतो, आणि नवी साखळी आली तेव्हा मला तो पाहायला मिळाला. इथे कोणत्याही कंपनीचा सगळा माल गायब नव्हता. भांडी घासायच्या साबणाचे मोठे पॅक कोपऱ्यापर्यंत रचलेले असत आणि त्याच साबणाचे लहान पॅक मिळत नसत. बॅटरीचा एक आकार ढिगाने असे आणि शेजारच्या आकाराच्या खोबणीत नुसते लेबल असे. हा पैशांचा नव्हे, वितरणातल्या गोंधळाचा पुरावा होता. माल कुठेतरी होता, पण योग्य दुकानात, योग्य दिवशी, योग्य प्रमाणात पोहोचत नव्हता.

हा गोंधळही जीवघेणा ठरू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे टार्गेट या अमेरिकी साखळीचा कॅनडातील प्रयत्न. तिने २०११ मध्ये तिथल्या झेलर्स या जुन्या साखळीच्या जागांचे भाडेकरार सुमारे १८० कोटी कॅनेडियन डॉलरना घेतले, मार्च २०१३ पासून दुकाने उघडायला सुरुवात केली आणि ती १३३ पर्यंत नेली. नव्या संगणक प्रणालीत हजारो वस्तूंच्या नोंदी घाईने भरल्या गेल्या. त्यांत मापे, वजने आणि खोक्यांतील नगांचे आकडे चुकले, आणि परिणाम असा झाला की गोदामे ओसंडून वाहत असताना दुकानांतले रॅक रिकामे राहिले. जानेवारी २०१५ मध्ये माघार जाहीर झाली आणि एप्रिलपर्यंत शेवटचे दुकान बंद झाले. मागे भक्कम मूळ कंपनी असूनही हे दोन वर्षांत घडले. मला यातली शिकण्यासारखी बाब ही वाटते, की पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने परतलेला ग्राहक पुन्हा सहसा येत नाही, आणि साखळीने नंतर चूक दुरुस्त केली तरी ती पाहायला तो तिथे नसतो.

माझ्या शाखेत सुदैवाने सुधारणा झाली, आणि ती का झाली हे महत्त्वाचे आहे. साखळीने शहराच्या याच बाजूला आणखी दोन शाखा उघडल्या आणि तिन्हींना पुरेल असे गोदाम जवळ घेतले. त्यानंतर मालाची गाडी आठवड्यातून एकदा येण्याऐवजी जवळजवळ रोज येऊ लागली, लहान पॅक नियमित दिसू लागले आणि एक्सपायरी जवळ आलेल्या मालाचे प्रमाण घटले. एका शहरात विखुरलेल्या दहा शाखांपेक्षा एका बाजूला एकवटलेल्या चार शाखा जास्त काळ तग धरतात, असे मला वाटते, कारण प्रत्येक गाडीचा, गोदामाचा आणि जाहिरातीचा खर्च त्यांच्यात वाटला जातो. वॉलमार्टने १९७० च्या सुमारास अमेरिकेतील बेंटनव्हिल येथे पहिले वितरण केंद्र उभारले आणि पुढे दुकाने अशा केंद्रांपासून गाडीने एका दिवसात गाठता येतील अशा अंतरांतच वाढवली. हीच कंपनी १९९७ मध्ये तयार दुकाने विकत घेऊन जर्मनीत शिरली, तेव्हा हे गणित तिच्या बाजूने राहिले नाही. विकत घेतलेली दुकाने देशभर विखुरलेली होती, आल्डी आणि लिडल यांच्यासारख्या मोजकाच माल ठेवणाऱ्या साखळ्या आधीपासून घट्ट रुजलेल्या होत्या, आणि २००६ मध्ये ८५ दुकाने मेट्रो या जर्मन कंपनीला विकून तिला बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी तिने आणि कारफूर या फ्रेंच साखळीने दक्षिण कोरियातूनही माघार घेतली. म्हणून मोठे नाव पाहून मी आता निश्चिंत होत नाही. गोदाम कुठे आहे, हे विचारते.

वाढत्या शहराची अडचण वेगळीही असते. साखळ्या येतात त्या आज राहणाऱ्या माणसांसाठी नव्हे, तर पाच वर्षांनी राहायला येतील अशा माणसांच्या अंदाजावर. भाडे आजपासून सुरू होते, विजेचे बिल आणि पगारही आजपासून, पण समोरच्या इमारतींत दिवे लागायला वर्षे जातात. टेस्को या ब्रिटिश साखळीने ‘फ्रेश अँड ईझी’ या नावाने २००७ मध्ये कॅलिफोर्निया, नेवाडा आणि ॲरिझोनामध्ये दुकाने उघडली, त्यांतली पुष्कळ झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांत होती. लगेच घरबांधणीचा बाजार कोसळला आणि ज्या वसाहतींच्या भरवशावर दुकाने मांडली होती, त्याच ओस पडल्या. २०१३ मध्ये टेस्कोने तिथून काढता पाय घेतला. एकट्या मंदीमुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. सगळी बिले ग्राहकानेच यंत्रावर करायची आणि ताजा माल बंद पाकिटांतच घ्यायचा, ही पद्धतही तिथल्या अनेकांना रुचली नव्हती.

उलट बाजूने, शहर सरकत असताना जुन्या जागी बसून राहणेही महागात पडते. १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ए अँड पी या साखळीची १९३० च्या सुमारास १५ हजारांहून अधिक दुकाने होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक उपनगरांत गेले, प्रतिस्पर्ध्यांनी तिथे गाड्या लावण्यासाठी पुरेशी जागा असलेली मोठी दुकाने उभारली, आणि या साखळीची बरीच दुकाने लहान, जुनी आणि शहराच्या आतल्या भागात राहिली. घसरण अनेक दशके चालली आणि २०१५ मध्ये दुसऱ्या दिवाळखोरीनंतर उरलेली दुकानेही गेली. नव्या वस्तीत लवकर येणाऱ्या साखळीला मी म्हणूनच नावे ठेवत नाही. ती धोका पत्करते, आणि तिने तो पत्करला नाही तर आम्हाला प्रत्येक वस्तूसाठी शहराच्या मध्यभागी जावे लागले असते. जुने दुकान बंद झाल्यावर जागेला कुलूप होते, तेव्हा हे चांगलेच जाणवले. वाहन नसलेल्या शेजारच्या वयस्कर दाम्पत्याला तो काळ फार जड गेला.

जागा अशी कुलूपबंद का राहते, हेही थोडे सांगायला हवे. भाडेकरार लांब मुदतीचे असतात आणि निघून गेलेल्या साखळीचा करार कधी कधी संपलेला नसतो. काही करारांत आणि खरेदीखतांत तर त्या जागेत दुसरे सुपरमार्केट येऊ नये अशी अटच असते. ब्रिटनमध्ये स्पर्धा नियामकाने २०१० मध्ये आदेश काढून मोठ्या साखळ्यांना अशा अटी घालण्यास मनाई केली. असा नियम सगळीकडे हवा, असे मला मनापासून वाटते, कारण साखळी जाण्याचा त्रास एकदाच होतो, पण तिच्यामागे अडकून पडलेली जागा अख्ख्या वस्तीला वर्षानुवर्षे अडवून धरते.

सध्याच्या शाखेबद्दल माझ्या दोन तक्रारी शिल्लक आहेत. रॅकवरच्या लेबलवरील किंमत आणि बिलातील किंमत अधूनमधून जुळत नाही. दाखवून दिले की लगेच दुरुस्ती होते, पण प्रत्येक ओळ तपासण्याची जबाबदारी ग्राहकावर पडू नये. दुसरी तक्रार खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंट्सची. ते वापरण्यासाठी ठेवलेली किमान मर्यादा इतकी वरची आहे, की लहान कुटुंबाचे पॉइंट्स महिनोन् महिने नुसते साठत राहतात. साखळी बुडाली, तर पैसे परत मिळवण्याच्या रांगेत बँका आणि तारण घेऊन कर्ज दिलेले इतर धनको पुढे असतात, आणि पॉइंट्स किंवा गिफ्ट व्हाउचर बाळगणारा ग्राहक रांगेच्या शेवटी उभा राहतो. त्यामुळे मर्यादा गाठली की मी त्याच दिवशी पॉइंट्स वापरून टाकते आणि आगाऊ पैसे भरून घ्यायची व्हाउचर घेत नाही, भेट द्यायलाही नाही.

साखळीच्या स्वतःच्या ब्रँडचा रोजचा माल मी बिनदिक्कत घेते. साबण, फिनाइल, कागदी रुमाल यांचा दर्जा समाधानकारक आहे आणि वापरून संपणाऱ्या वस्तूच्या बाबतीत साखळी राहो वा जावो, काही बिघडत नाही. वॉरंटी असलेल्या वस्तूंचे तसे नाही. या ब्रँडची इस्त्री किंवा मिक्सर घेताना खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि दुरुस्ती केंद्राचा पत्ता जरूर पाहावा. तिथे स्वतंत्र कंपनीचे केंद्र दिलेले असेल, तर घ्यायला हरकत नाही. पत्त्याच्या जागी फक्त याच शाखेचा ग्राहक सेवा काउंटर लिहिलेला असेल, तर ती वस्तू दुसरीकडून घ्यावी.