तान्ह्या बाळाच्या तोंडातल्या बुरशीवरचं माउथ पेंट: दोनदा वापरल्यानंतर

लेक पाच आठवड्यांची होती. सिझेरियननंतर मी माहेरी, कराडला होते. तिची जीभ पांढरी दिसायची, पण आई म्हणाली दुधाचा थर आहे आणि मलाही ते पटलं. तेल लावायला येणाऱ्या मावशी ओल्या फडक्याने पुसायच्या. एका सकाळी तिने जांभई दिली तेव्हा गालांच्या आत आणि हिरड्यांवरही दह्याच्या गुठळ्यांसारखे ठिपके दिसले. पुसले तर निघेनात. मावशींनी जरा जोर लावला, तिथे लालभडक झालं आणि रक्ताचा टिपूस आला. दुधाचा थर नुसता जिभेवर असतो आणि पुसला की जातो, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस ती दोन घोट ओढून रडत तोंड सोडत होती, त्याचं कारण हे होतं.

आजीने टाकणखाराची लाही मधातून लावायला काढली. तिच्या हातचं आम्ही सगळे वाढलो, त्यामुळे तिला नाही म्हणताना माझा जीव खालीवर झाला. पण डॉक्टरांनी तिलाच समजावलं, "आजी, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाहीच. आणि टाकणखार तान्ह्याला विषारी." मधातून होणारा बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा आजार, बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

मला त्यांनी आधी विचारलं, अँटिबायोटिक्स किती दिवस घेतलीत? कॅन्डिडा नावाची ही बुरशी एरवीही बऱ्याच जणांच्या तोंडात असते. तिला आवर घालणारे जिवाणू औषधाने मेले की ती फोफावते.

औषध लिहून दिलं ते क्लोट्रिमॅझोल १ टक्क्याचं माउथ पेंट, म्हणजे तोंडात आतून लावायचं बुरशीवरचं औषध. छोटी बाटली, बिनरंगी, जरा दाटसर. औषधाच्या दुकानात मात्र चिठ्ठी न बघताच "हे जास्त चांगलं" म्हणत मायकोनॅझोलचं जेल पुढे केलं. मी घेतलं नाही. चिकट जेल घशात अडकून गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून चार महिन्यांच्या आतल्या बाळाला ते नको, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

लावायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. ड्रॉपरने थेट तोंडात सोडायचं नाही. हात धुऊन, नख कापलेल्या बोटाला स्वच्छ गॉज गुंडाळायचा, त्यावर सांगितले तेवढेच थेंब घ्यायचे आणि दूध पाजून झाल्यावर गालांच्या आत, हिरड्यांना, जिभेला हलकेच टेकवायचं. आधी लावलं तर दुधाबरोबर पोटात जातं. थर खरवडायचा नाही.

चौथ्या दिवशी तोंड स्वच्छ. मी औषध थांबवलं आणि आठवड्यात ठिपके परत आले. चूक दोन ठिकाणी झाली होती. सांगितलेले दिवस मी पुरे केले नाहीत. आणि पाजताना मला सुया टोचल्यासारखं व्हायचं, स्तनाग्रं लालसर चकचकीत झाली होती, ते मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. बाळंतिणीला दुखायचंच, असं घरात सगळ्या म्हणत होत्या. बुरशी तिच्याकडून मला, माझ्याकडून तिला अशी फिरत होती. दुसऱ्या वेळी मलाही मलम मिळालं, दोघींचे उपचार एकाच वेळी झाले, आणि पंपाचे भाग, चोखणी रोज उकळली. पाजणं बंद करावं लागलं नाही. लंगोटाच्या जागी लाल पुरळ होतं तेही याच बुरशीचं निघालं. त्याला वेगळं मलम.

औषधाला माझे पूर्ण गुण. बाटलीला नाहीत. आतल्या कागदावर तान्ह्या बाळाला कसं लावायचं याची एक ओळ नाही, मराठी तर सोडाच. ड्रॉपर बघून कुणीही थेट तोंडात पिळेल. दुकानातून परस्पर आणू नका, बाळाचं तोंड आधी डॉक्टरांना दाखवा. ताप असेल, बाळ दूधच घेत नसेल किंवा लंगोट ओले होणं कमी झालं असेल, तर त्याच दिवशी.