संवादलेखनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : अभिप्राय उत्तम, तक्ता निरुपयोगी

कथालेखन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत संवादाला बहुधा एखादे प्रकरण मिळते, आणि त्यातही डायलॉग टॅगच्या, म्हणजे ‘तो म्हणाला’, ‘तिने विचारले’ अशा शब्दांच्या, वाट्याला दोन-चार वाक्ये येतात. त्यामुळे केवळ याच विषयाला वाहिलेला एक छोटा मराठी अभ्यासक्रम दिसला तेव्हा तो घ्यावासा वाटला. व्हिडिओ पाठ, क्रियापदांचा एक तक्ता आणि शेवटी आपल्या उताऱ्यावर शिक्षकांनी लिहून दिलेला अभिप्राय असे त्याचे स्वरूप आहे. माझे आक्षेप त्याच्या आखणीबद्दल आहेत आणि तशी आखणी इतरत्रही आढळते, म्हणून नाव घेत नाही.

सुरुवातीचा पाठ नेटका आहे. टॅगचे पहिले काम कोण बोलत आहे हे सांगणे, आणि ते काम झाले की त्याने वाचकाच्या नजरेतून नाहीसे होणे, हे सूत्र शिक्षक शांतपणे पटवून देतात. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेखनाचे १० नियम मांडले होते, संवादासाठी ‘म्हणाला’खेरीज दुसरे क्रियापद वापरू नये आणि त्याला क्रियाविशेषणही जोडू नये, हे त्यांपैकी दोन. पाठ या नियमांवर उभा आहे, पण त्यांची पूजा करत नाही. ‘पुटपुटला’ आणि ‘कुजबुजली’ यांना शिक्षक मोकळीक देतात, कारण आवाज किती खाली गेला हे अवतरणचिन्हांतील शब्दांवरून कळत नाही. याउलट “मला माफ कर,” त्याने क्षमा मागितली, यात टॅग आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगतो. हा भेद ज्याला समजला त्याला पुढचे निम्मे पाठ पाहिले नाहीत तरी चालतील.

एवढे सांगून झाल्यावर हाच अभ्यासक्रम ‘म्हणाला’ऐवजी वापरता येतील अशा क्रियापदांचा भलामोठा तक्ता हातात देतो, हे मात्र अनाकलनीय आहे. उद्गारला, उत्तरला, गरजला, खेकसला, फणकारली, चित्कारली, इतकेच काय ‘वदला’सुद्धा त्यात आहे. रागाच्या रकान्यात एक गठ्ठा, आनंदाच्या रकान्यात दुसरा. नवा लेखक असा तक्ता शेजारी ठेवून लिहू लागला की त्याची पात्रे पानभर गरजत आणि चित्कारत राहणार, आणि पहिल्या पाठाची शिकवण तिथेच संपणार. ‘हसली’ आणि ‘उसासला’ हेही तक्त्यात टॅग म्हणून आले आहेत. माणूस वाक्य हसत नाही. बोलताना हसतो किंवा बोलून झाल्यावर हसतो. तेव्हा “तू येणार होतास ना?” एवढे लिहून ‘ती हसली.’ हे स्वतंत्र वाक्य करणे अधिक रास्त.

तक्त्याचा खरा दोष याहून खोल आहे: तो ही सारी क्रियापदे एकमेकांच्या जागी बसवता येतात असे गृहीत धरतो, आणि मराठी व्याकरणात ती बसत नाहीत. ‘म्हणणे’ भूतकाळात बोलणाऱ्याप्रमाणे चालते, म्हणून स्त्री आणि पुरुष अशी दोनच पात्रे समोरासमोर असतील तर नुसते ‘म्हणाली’ पुरते. नाव किंवा सर्वनाम लागतच नाही. ‘ओरडला’, ‘पुटपुटली’, ‘उत्तरला’ यांचेही तसेच. पण ‘विचारले’ आणि ‘सांगितले’ यांना ‘त्याने’ किंवा ‘तिने’ लागते, कारण ते रूप कोणाच्याही तोंडी सारखेच राहते. म्हणजे ‘म्हणाली’ खोडून ‘विचारले’ लिहिणाऱ्या लेखकाला टॅग लांबवावा लागतो, आणि प्रश्नचिन्ह समोर असताना तो लांबवून काय मिळाले याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. आणखी एक पेच असा की स्त्री निवेदक असलेल्या कथेत ‘मी म्हणाले’ आणि आदरार्थी ‘ते म्हणाले’ यांत क्रियापद एकच आहे. तिथे ‘मी’ गाळले तर मुलगी बोलली की वडील, हे कळत नाही. आदरार्थी रूपाचा प्रश्न तर अभ्यासक्रमात पूर्ण राहूनच गेला आहे. एखाद्या वयस्कर पात्राला निवेदक आधी ‘म्हणाले’ आणि पुढच्या पानावर ‘म्हणाला’ असे लिहितो तेव्हा निवेदकाची त्या माणसाकडे पाहण्याची नजर बदललेली असते. हा बदल जाणूनबुजून केला तर प्रभावी ठरतो, नकळत झाला तर वाचक गोंधळतो. मराठीत शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाने याला किमान एक पाठ द्यायला हवा होता.

क्रियाविशेषणांवरील पाठ ‘रागाने’, ‘हळूच’, ‘उत्साहाने’ एवढ्यांवरच थांबतो. आपल्याकडे त्याहून मोठी खोड आहे ती ‘-त’ आणि ‘-ऊन’ची: केस सावरत म्हणाली, चष्मा पुसत म्हणाला, मान वळवून म्हणाली. एकदा आले तर हरकत नाही, पण प्रत्येक संवादाला अशी शेपटी लागली की पात्रे बोलण्यापेक्षा हातवारेच जास्त करू लागतात.

टॅगच्या जागेवरील पाठ मात्र संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत सरस आहे. “मी येईन, पण उशीर होईल,” तो म्हणाला, आणि “मी येईन,” तो म्हणाला, “पण उशीर होईल,” यांतील फरक शिक्षक मोठ्याने वाचून दाखवतात. मध्ये आलेला टॅग एक श्वास घेतो, आणि त्या श्वासामुळे ‘पण’ जड होते. लांबलचक बोलण्याआधी किंवा त्याच्या पहिल्याच विरामाशी टॅग द्यावा, म्हणजे परिच्छेद संपल्यावर वक्ता उघड झाला असे होत नाही, हा सल्लाही पक्का आहे. तोंडी गोष्ट सांगताना आपण ‘तो म्हणाला’ आधी आणि वाक्य नंतर सांगतो, आणि छापील कथेतही ती रीत कमीपणाची नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले याचे समाधान वाटले. लोककथेतल्या ‘राजा म्हणे’चा उल्लेख आला असता तर दुधात साखर पडली असती.

अभिप्रायाची सेवा याच तोडीची आहे. शिक्षक पाठवलेल्या उताऱ्यातील सर्व टॅग काढून टाकतात, तो नव्याने वाचतात आणि कोण बोलत आहे हे जिथे अडते तिथेच खूण करून परत देतात. टॅग तेवढ्या जागीच परत घालायचे, आणि तेही आधी ‘म्हणाला-म्हणाली’नेच. तीन पात्रांच्या प्रसंगात खुणा वाढतात, दोघांच्या प्रसंगात जवळजवळ उरत नाहीत, आणि आपण किती टॅग केवळ सवयीने लिहीत होतो हे कागदावरच दिसते. लिहून दिलेली टिपणे थोडकी पण नेमकी होती. ‘इथे कृती पुरेशी आहे, टॅग नको’ अशा शेऱ्यासोबत कारणही असे.

पहिली कथा लिहिणाऱ्याने सुरुवातीचा पाठ, जागेवरील पाठ आणि अभिप्राय यांसाठी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा आणि तक्ता उघडूच नये. ज्यांच्या दोन-चार कथा छापून आल्या आहेत त्यांना पाठांत नवे फारसे सापडणार नाही. त्यांच्या उपयोगाचा आहे तो अभिप्राय, पण तो स्वतंत्रपणे मिळत नाही, त्यासाठी संपूर्ण अभ्यासक्रमच विकत घ्यावा लागतो.