फुकटचं किट, रोज निळं पाणी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं टोमॅटो प्युरीचं छोटं युनिट आहे. एक टनाचा बॉयलर, ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणारा. पाणी एमआयडीसीचं, कमी पडलं की आवारातली बोअर. ते काळ्या खडकातलं जड पाणी सॉफ्टनरशिवाय बॉयलरला घालायची सोय नाही. सॉफ्टनर म्हणजे रेझिनच्या मण्यांची टाकी; मणी पाण्यातला जडपणा धरतात आणि मिठाच्या पाण्याने धुतले (रिजनरेशन) की पुन्हा कामाला लागतात.

गेल्या वर्षी केमिकलवाला म्हणाला, "साहेब, तुमचं रेझिन मेलंय. इम्पोर्टेड भरून देतो, मग रोज मिठाचं रिजनरेशन नको, आठवड्यातून एकदा बास." वर हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, तपासायचं किट फुकट. मिठाची पोती वाचतील या हिशोबात मी हो म्हणून बसलो.

नळीत पाणी घ्यायचं, बफरचे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाकायचे, मग चिमूटभर इंडिकेटर (रंग दाखवणारी पूड). जड पाणी वाइनसारखं लालसर होतं, मऊ असलं तर निळं. आमचं रोज निळं. रजिस्टरवर रोज जडपणा "5 पीपीएमच्या आत" (दहा लाखात पाच भागांहून कमी). अटेंडंट काका दोनदा म्हणाले, "साहेब, सॉफ्टनरच्या नळावर साबणाला फेस येईना." मी त्यांना रजिस्टर दाखवलं. आता आठवलं की लाज वाटते.

चिमणीचं तापमान एरवी 210-220 अंश असायचं, ते ऑक्टोबरात 280 वर गेलं. ब्रिकेटही जास्त लागायला लागल्या. केमिकलवाल्याचं उत्तर तयार होतं: "ब्रिकेट ओल्या आहेत." शिवाय "स्केल", म्हणजे ट्यूबवर बसणारा क्षारांचा थर, "सैल करणारे" दोन कॅन गळ्यात मारले. ऐन हंगामात, पिंपळगावहून आलेले क्रेट उतरत असतानाच बॉयलरची ट्यूब गळायला लागली.

मॅनहोल उघडलं. ट्यूबवर पांढरट थर; त्यामुळेच उष्णता पाण्यात न जाता चिमणीतून जात होती. मिस्त्रींनी हातोडीने टकटक केल्यावर खपली निघाली, रुपयाच्या नाण्याएवढी जाड. तिच्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले तर फसफसलं. "चुना आहे हा," म्हणाले. मी तोऱ्यात किट पुढे केलं. त्यांनी सॉफ्टनरचं पाणी घेतलंच नाही. थेट बोअरचं घेतलं. तेही निळं! मग स्वतःच्या पिशवीतली बफरची बाटली काढली. तेच पाणी, लालभडक.

बफरची बाटली लॅबला दिली. त्यात ईडीटीए मिसळलेलं निघालं. ते पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच धरून ठेवतं, इंडिकेटरला काही उरतच नाही. कसलंही पाणी घाला, निळंच. सॉफ्टनर उघडला तर आत दोन रंगांचे मणी, निम्मे फुटलेले. कुणाच्या तरी प्लांटमधून काढलेलं रेझिन आमच्याकडे भरलं होतं.

बाष्पके संचालनालयाची परवानगी, मान्यताप्राप्त दुरुस्तीवाला, नव्या ट्यूब, हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) यात 12 दिवस गेले. टोमॅटो काही थांबत नाही, मिळेल त्या भावाने काढला. केमिकलवाला फोनवर एवढंच म्हणाला, "पाणी बदललं असेल, साहेब." पुढे फोन बंद. पोलिसांत गेलो तेव्हा बिल नीट वाचलं: "रेझिन, 100 लिटर". 'नवीन' हा शब्द कुठेच नाही. तुमचं बिल आजच काढून बघा, आणि रेझिन भरताना सीलबंद पोती तुमच्यासमोर फोडायला लावा.

आता केमिकल एकाकडून, किट दुसऱ्याकडून. सकाळी पहिली नळी बोअरच्या पाण्याची. ती लाल झाली तरच पुढची तपासणी. आणि काकांनी सॉफ्टनरच्या नळाला साबणाची वडी दोरीने बांधून ठेवली आहे.