कोकण किनाऱ्यावर लॉनची चार गवतं: मे आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

कोकणात लॉनचं गवत ठरवण्याआधी दोन गोष्टी मोजाव्यात: मे महिन्यात विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) आणि जुलैत त्या जागेला मिळणारं ऊन. नर्सरीत डिसेंबरमध्ये पाहिलेली तयार गवताची हिरवीगार शीट या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

इथे तुलना आहे ती समुद्रालगतच्या जांभ्याच्या जमिनीवर शेजारीशेजारी लावलेल्या चार गवतांची: टिफवे 419, सीशोअर पॅस्पॅलम, मेक्सिकन आणि कार्पेट ग्रास. लावणी सप्टेंबरअखेरची. जून-जुलैत लावलेल्या गवताच्या काड्या धो धो पावसात वाहून जातात, आणि उरतात त्यांना ऊन मिळत नाही.

आधी जमीन. कातळावर निदान 15 ते 20 सेंटीमीटर माती हवी आणि पाणी निघून जायला 100 फुटांना दीड फूट उतार. डंपरने आणलेल्या तांबड्या मातीबरोबर लव्हाळा या तणाच्या गाठी फुकट येतात. माती पसरून, पाणी मारून तीन आठवडे नुसती ठेवा आणि उगवेल ते गाठीसकट खणून काढा. खाडीची वाळू मिसळायची तर आधी एक पावसाळा उघड्यावर धुऊ द्या, नाहीतर मीठ आत येतं. शिंपल्यांचा चुरा फार असेल तर पाती पिवळी पडत राहतात. मातीचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास आला तर गुंठ्याला 10 ते 15 किलो शेतीचा चुना पुरतो. कार्पेट ग्रासला तोही नको.

टिफवे 419 हे अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झालेलं हरळीचं संकरित वाण, 1960 सालचं. क्रिकेट-फुटबॉलच्या मैदानांसाठी हे बऱ्याच ठिकाणी वापरतात, कारण बुटांनी उखडलेली जागा ते आठवड्या-दोन आठवड्यांत भरून काढतं. हे वाण वांझ आहे, त्याला बी धरत नाही. त्यामुळे कुणी ‘टिफवेचं बी’ विकत असेल तर ती पिशवी घेऊ नका. 10 सेंटीमीटर अंतरावर काड्या लावल्या की सहा-आठ आठवड्यांत जमीन झाकते. ऑक्टोबर ते मे तक्रारीला जागा नाही. खरी परीक्षा जुलैची. याला रोज सहा-आठ तास ऊन लागतं आणि इथे आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. मग गवत विरळ होतं, मधल्या मातीवर काळं-हिरवं शेवाळ धरतं आणि सुकल्यावर त्याची पापडी होते. पापडी काट्याने खरवडून, जमिनीला भोकं पाडून, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारलं की सप्टेंबरच्या उन्हात गवत परत येतं. मैदान पावसात बंद ठेवता येत असेल तर हेच घ्या. घराच्या अंगणात मात्र तीन महिने चिखल बघायची तयारी हवी.

पॅस्पॅलम हे समुद्रकाठचंच गवत. 2022 च्या कतार विश्वचषकाची मैदानं याचीच होती. मे महिन्यात विहीर मचूळ होते तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. टीडीएस 1000 च्या वर गेला की कार्पेट ग्रासची टोकं करपू लागतात. हरळी 2000-2500 पर्यंत निभावते. निचरा चांगला असेल तर पॅस्पॅलम 5000 लाही रंग सोडत नाही. अट एकच: रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. तसं केलं की मीठ वरच्या दोन इंचांत साचतं. त्यापेक्षा तीन दिवसांनी एकदा गुंठ्याला दीड हजार लिटर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरतं. ढगाळ हवेतही हे टिफवेपेक्षा दाट राहतं. झाडाच्या सावलीत मात्र नाही, तिथे दोन्ही सारखीच हरतात.

आता त्याच्या खोडी. डिसेंबर-जानेवारीत दव पडायला लागलं की रुपयाच्या नाण्याएवढे, खोलगट, वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे डाग येतात. सकाळी लवकर वाकून पाहिलं तर डागावर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसतात आणि ऊन चढलं की नाहीसे होतात. हा डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग. उपाशी गवतावर तो जास्त येतो, म्हणून नोव्हेंबरपासून महिन्याला गुंठ्याला अर्धा किलो युरिया द्या आणि सकाळी दोघांनी लांब दोर ओढत नेऊन दव झाडा. तरीही पसरला तर प्रोपिकोनॅझोल 25 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 1 मिली. पावसाळ्यात उलटं करायचं: युरिया बंद, नाहीतर गवत गादीसारखं फुगतं आणि पुढच्या कापणीत तपकिरी देठ उघडे पडतात. पालाश म्हणून पोटॅशियम सल्फेट वापरा, खाऱ्या पाण्यावर म्युरिएट ऑफ पोटॅश नको. सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे गावठी हरळी. ती कडेने पॅस्पॅलममध्ये शिरली की एकाला मारून दुसऱ्याला वाचवणारं औषध सहज मिळत नाही. कडेला चिऱ्याची पट्टी बसवा आणि दर पंधरवड्याला हाताने उपटा.

मेक्सिकन नावाने नर्सरीत मिळतं ते बहुतेक झॉयशिया. दिसायला चौघांत देखणं, आणि तेवढंच आळशी. शीट न घेता काड्या लावल्या तर झाकायला सहा महिने सहज जातात. कापायचा कंटाळा केला की उंचवटे येतात, आणि ते खरवडून कापले की टकलं पडतात. शोभेपुरतं ठीक आहे, मुलांच्या खेळायला नको.

कार्पेट ग्रास रुंद पानांचं. आंब्या-माडाच्या सावलीत, आंबट ओल्या जमिनीत दुसरं काही जगत नाही तिथे हे जगतं. 4-5 सेंटीमीटर उंच ठेवा. गोडं पाणी नसेल तर नाद सोडा.

लव्हाळा हरळीत आणि पॅस्पॅलममध्ये येणारच. त्यावर हॅलोसल्फ्युरॉन 75 टक्के हे तणनाशक, एकराला 36 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 2.7 ग्रॅम, आणि एका पंपात तीन गुंठे. एवढं वजन किचनच्या काट्यावर धड होत नाही, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा लागतो. लव्हाळा तीन-पाच पानांवर असताना मारा आणि दीड महिन्याने पुन्हा.

ऑगस्टनंतर गवत पाणी असूनही सुकल्यासारखं दिसलं तर मूठभर धरून वर ओढा. अख्खा थर सुटून हातात आला तर खाली मुळं खाणारी हुमणीची अळी आहे. फूटभर चौकोनात पाचच्या वर अळ्या निघाल्या तर मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत संध्याकाळी द्या. पहिल्या पावसाला दिव्यावर येणारे भुंगेरे गोळा करून मारले असतील तर ही वेळ कमी येते.