डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एच : काही महिने वापरल्यावर

हा होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज सात स्पीकरना पुरवणारा ॲम्प. खोक्यावरच्या ८० वॅटला भुलू नका. तो आकडा ८ ओहम रोधाच्या स्पीकरवरचा आणि दोनच चॅनल (एका स्पीकरला एक) चालू असतानाचा आहे. सातही चॅनल एकदम ओढू लागले की पॉवर सप्लाय तोच, वाटेकरी जास्त. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठे वाजणारे) स्पीकर घेतले तरी तेवढाच फायदा. हॉलमध्ये एवढी ताकद पुरते.

खरी मेख मागच्या बाजूला आहे. सातही स्पीकरसाठी प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) नाहीत, सबवूफरसाठी (खोल बासचा वेगळा स्पीकर) मात्र दोन आहेत. पुढेमागे वेगळा पॉवर ॲम्प लावायचा बेत असेल तर वरचं मॉडेल बघा.

ऑडिसीचं कॅलिब्रेशन (माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी रिसीव्हरमधली सोय) घाईत उरकलं तर पैसे वाया. पंखा आणि एसी बंद. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर पाठीवरून परतणारा आवाजही मोजला जातो. आठही जागा मोजा, पहिली नेहमीच्या बैठकीची. नंतर मेनू उघडा. स्पीकर 'लार्ज' (सगळा बास स्वतःच वाजवणारे) लागले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ठेवा. बास सबकडे (सबवूफरकडे) गेला की ॲम्पवरचा भार हलका होतो. सब तीन मीटरवर असून मेनू साडेचार मीटर दाखवत असेल तर हात लावू नका, त्यात सबच्या सर्किटचा विलंब धरलेला असतो. डायनॅमिक ईक्यू (आवाज कमी केला की बास वगैरे भरून काढणारी सोय) रात्री हळू आवाजात छान, पण टीव्हीचे कार्यक्रम घुमतात. त्यावर उपाय : त्याच मेनूतला रेफरन्स ऑफसेट, म्हणजे या भरपाईचं प्रमाण कमी करणारी सेटिंग, १० डेसिबल करा.

ओटीटीचा ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज) टीव्हीकडून रिसीव्हरकडे एचडीएमआयच्या साध्या एआरसी जोडणीवरूनही येतो, ब्लू-रेच्या ट्रूएचडीला (न दाबलेल्या दर्जाचा आवाज) मात्र टीव्हीमार्गे यायला तिची वरची आवृत्ती, ईएआरसी लागतं. प्लेअर थेट रिसीव्हरलाच जोडा, म्हणजे प्रश्नच मिटला. टीव्हीचं डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (टीव्हीनेच आवाज उलगडून द्यायची सेटिंग) राहिलं तर बहुतेकदा नुसतं स्टिरिओ मिळतं, आणि शिव्या रिसीव्हरला!

वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. टर्मिनलमध्ये खोवताना तारा नीट पिळा. एक सुटी तार शेजारी टेकली की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो) आणि लाल दिवा लुकलुकतो. दाराच्या टीव्ही युनिटमध्ये कोंडला तरी तेच होऊ शकतं. वर किमान वीतभर जागा मोकळी सोडा, आणि सेट-टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर तर मुळीच नको.